गुणगौरवाच्या स्लाइडवरच्या रिकाम्या जागेबद्दल, मंडळाच्या कार्यकारिणीला

मंडळाच्या कार्यकारिणीतल्या सगळ्या दादा, ताई, वहिनींना आणि एकूणच आपल्या सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी आईबापांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहायला मला वर्ष लागलं. गेल्या वर्षी लिहिलं असतं तर रागात लिहिलं असतं, आणि रागात लिहिलेलं मग गणपतीच्या जेवणाच्या रांगेत निस्तरत बसावं लागतं. आता यंदाच्या गुणगौरवाचा गूगल फॉर्म परत ग्रुपवर आलाय म्हणून बसलेय लिहायला, कणीक मळून ठेवलीय, पोळ्या नंतर.

गेल्या वर्षीचा कार्यक्रम आठवतोय ना? हायस्कूल संपवलेल्या मुलांची स्लाइड, प्रत्येकाचा फोटो, खाली नाव, त्याच्या खाली युनिव्हर्सिटीचं नाव आणि लोगो. बर्कली आलं की मागून कोणतरी "गो बेअर्स" ओरडायचं, मग हशा, मग टाळ्या. एकेक मूल स्टेजवर यायचं, शाल आणि श्रीफळाऐवजी गिफ्ट कार्ड, छान चाललं होतं. माझ्या मोठ्याचा फोटो आला, खाली नाव आलं, आणि त्याच्या खाली काहीच नाही. पांढरी जागा. दोन सेकंद हॉलमध्ये शांतता आणि मग निवेदक पुढच्या नावावर. मी फॉर्म नीट भरला होता हो, ड्रॉपडाऊनमध्ये नाव नव्हतं म्हणून "अदर" टिक करून आमच्या कम्युनिटी कॉलेजचं (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, तिथून पुढे युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होता येतं) पूर्ण नाव टाइप केलं होतं, स्पेलिंग दोनदा बघून.

नंतर जेवताना मी विचारलं तर एका ताईंनी माझ्या हातावर हात ठेवून हळू आवाजात सांगितलं, "अगं आम्ही मुद्दामच नाही टाकलं, म्हटलं त्याला ऑकवर्ड होईल."

त्याला झालं नव्हतं. गाडीत बसल्यावर म्हणाला, आई लोकांना वाटलं असेल वायफाय स्लो आहे, लोगो लोड व्हायचा राहिला. आणि हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्या ताईंच्या मनात वाईट काहीच नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं. कोणाच्या घरी मयत झालं असावं तसा तो आवाज होता. "कम्युनिटी कॉलेज" हे दोन शब्द आपल्या लोकांत त्याच आवाजात म्हणतात. "हो का... बरं बरं... मग ट्रान्सफर करणार असेल ना?" आधी ते "बरं बरं", मग ट्रान्सफर.

आता मला एक सांगा. जून महिन्यात याच कॉलेजच्या पार्किंगमध्ये कोणाच्या गाड्या असतात? मी स्वतः तिथली विद्यार्थिनी होते त्यामुळे मला दिसायचं सगळं. तुमचीच मुलं असतात. दहावी-अकरावीतली, समर क्लासला, प्रीकॅल्क उरकायला, कोणी हिस्टरी उरकायला, म्हणजे शाळेत एपीला (कॉलेजच्या पातळीच्या विषयांना) जागा मोकळी होते. हायस्कूलच्या मुलांना तिथे युनिटची (म्हणजे क्रेडिटची) फी बहुतेक लागत नाही, आणि ते क्रेडिट यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, बर्कली, एलए हे तिचेच कॅम्पस) अर्जात घालता येतं, हे आपल्या ग्रुपवर दर एप्रिलमध्ये कोणीतरी सविस्तर टाकतं, रजिस्ट्रेशन किती वाजता उघडतं त्याच्यासकट. गेल्या जूनमध्ये एक बाबा मला तिथेच भेटले, हातात थर्मास, मुलाला सोडायला आलेले. म्हणाले, "इथले प्रोफेसर एकदम टॉप आहेत हां, शाळेपेक्षा शंभर पटीने बरे." तेच बाबा सप्टेंबरमध्ये माझ्या मुलाला म्हणाले, "डोंट वरी, दोन वर्षांचाच प्रश्न आहे." अहो तेच प्रोफेसर आहेत! तोच फळा, तीच खोली, तेच कॅल्क्युलस. जूनमध्ये हुशारीचं लक्षण आणि सप्टेंबरमध्ये एकदम सांत्वन, हे कसं काय?

बरं, आपल्यातले निम्मे लोक ज्या कंपनीचा फोन खिशात घेऊन फिरतात (आणि काही जण तिथेच नोकरीला आहेत) तिचा मॅकिंतॉश कॉम्प्युटर पहिल्यांदा लोकांना दाखवला तो कुठे? कुपर्टिनोत, डी अँझा कॉलेजच्या फ्लिंट सेंटरमध्ये, जानेवारी १९८४. कम्युनिटी कॉलेजच्या सभागृहात. ॲपलच्या संस्थापकांपैकी एक, वॉझनियॅक, स्वतः डी अँझाला शिकलेला. टॉम हँक्स हेवर्डच्या शॅबो कॉलेजचा, आणि त्याने तर २०१५ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून जाहीर सांगितलं की आपलं सगळं त्या कॉलेजमुळे आहे. पण मला ही यादी लांबवायची नाही. मोठ्या माणसांची नावं घेतल्याशिवाय एखाद्या जागेला किंमत द्यायची नाही हा पण आपलाच एक रोग आहे.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे कॉलेज म्हणजे नक्की काय हेच माहीत नाही असं माझ्या लक्षात आलंय, कारण आपण इथे आलो ते थेट एमएस करायला नाहीतर एच-वनच्या नोकरीच्या व्हिसावर, आणि अंडरग्रॅडची सिस्टिम कळली ती मुलं नववीत गेल्यावर, तीसुद्धा कन्सल्टंटच्या तोंडून. तर थोडक्यात. १९६० साली कॅलिफोर्नियाने मास्टर प्लॅन केला. हायस्कूलच्या वरच्या साडेबारा टक्के मुलांना यूसी, वरच्या एक तृतीयांशला कॅल स्टेट (राज्याची दुसरी युनिव्हर्सिटी), आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना. सगळ्यांना म्हणजे खरंच सगळ्यांना, हायस्कूल पास असाल तर या, आणि नसाल पण अठरा वर्षांचे असाल आणि शिकून तुमचा फायदा होणार असेल तरी या. अर्जात निबंध नाही, शिफारसपत्र नाही, "तुमच्या आयुष्यातलं एक आव्हान" नाही. राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि वीस लाखांच्या आसपास लोक त्यात शिकतात. आणि हे काही कोणाला वगळण्यासाठी केलेलं गोडाऊन नव्हतं, तिथून तिसऱ्या वर्षाला यूसीत जायचा रस्ता पहिल्यापासून त्या प्लॅनमध्येच आहे. यूसीनेच धोरण ठरवलंय की दर दोन फ्रेशमनमागे (थेट पहिल्या वर्षाला येणाऱ्यांमागे) एक ट्रान्सफर मूल घ्यायचं. डिग्रीवर नाव यूसीचंच येतं, "हा मागच्या दाराने आला" असं कुठे छापत नाहीत.

पैशाचं पण बोलते कारण आपण सगळे बोलतो पण हळू. कम्युनिटी कॉलेजला फी ४६ डॉलर युनिट, २०१२ पासून तीच आहे, बदललेली नाही. तीन युनिटचा एक क्लास म्हणजे १३८ डॉलर, आपल्या मंडळाच्या दिवाळीला चौघांनी जेवायचं ठरवलं की साधारण तेवढे जातातच. पूर्ण साठ युनिट केले तर २,७६० डॉलर. आणि पहिल्यांदाच कॉलेजला येणाऱ्या फुल टाइम मुलांना बऱ्याच कॉलेजांत पहिली दोन वर्षं ती पण माफ आहे. यूसीची नुसती ट्यूशन आणि फी वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास, त्यावर राहणं खाणं धरलं की चाळीस हजार पार. माझ्या मुलाला कॉम्प्युटर सायन्सला यूसीत कुठेच मिळालं नाही, एका दुसऱ्या राज्यातल्या प्रायव्हेटमध्ये मिळालं होतं, त्याचं पत्र आलं तेव्हा आकडा बघून नवऱ्याने चष्मा काढून पुसला आणि परत घातला, आकडा तोच. आम्ही कर्ज काढू शकलो असतो. बरेच जण काढतात, आणि मग स्लाइडवर लोगो येतो.

निर्णय मुलाने स्वतः घेतला. त्याचे बाबा दोन दिवस बोलले नाहीत, हे पण लिहिते, लपवण्यासारखं काही नाही, तेही आपल्यासारखेच. तिसऱ्या दिवशी तासगावहून माझ्या आईचा फोन आला. तिला नातवाने स्वतःच समजावून सांगितलं, आजी घरूनच जायचं, बसने, गावातलंच कॉलेज, फी कमी. ती म्हणाली, "म्हंजे तुझ्या आईसारखंच की रे. मग दुपारचा जेवायला घरी येत असशील की!" आणि विषय संपला. आमच्या घरात एवढ्या दिवसांत त्या कॉलेजबद्दल कोणी बोललेलं हे पहिलं आनंदाचं वाक्य.

"तुझ्या आईसारखं" म्हणजे काय ते सांगते. मी तासगावहून सांगलीला कॉलेजला जायचे, चिंतामणराव कॉमर्स, विश्रामबागला. रोज पंचवीसेक किलोमीटर लाल एसटीने, कवलापूर, बुधगाव, माधवनगर करत. विद्यार्थ्यांचा पास, डेपोच्या खिडकीवर महिन्याच्या महिन्याला जाऊन नवा करायचा, कॉलेजचा शिक्का लागायचा. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, कंडक्टरला पास न काढता "पास" असं तोंडाने म्हणायचं आणि त्याने मान हलवायची. बी.कॉम.ला २००१ साली फर्स्ट क्लास. तेव्हा कोणी मला विचारलं नाही की तू होस्टेलवर न राहता घरून जातेस म्हणजे तुझ्यात काही कमी आहे का. तालुक्यातली सगळी मुलं अशीच जायची. आपल्यातले पण निम्मे असेच गेलेत, कोणी बार्शीहून, कोणी चाळीसगावहून पॅसेंजरने. डब्यातली भाजी सांडून वहीला लागलेला तेलाचा डाग कोणाच्या तरी वहीत असेलच अजून, माळ्यावर. मग इथे येऊन घरून कॉलेजला जाणं म्हणजे हरल्यासारखं कधीपासून झालं?

२००५ ला लग्न करून इथे आले, एच-फोर, म्हणजे नोकरीवाल्या नवऱ्यामागे बायकोला मिळणारा व्हिसा. पुढची दहा वर्षं कामाची परवानगीच नव्हती, तो नियम बदलला २०१५ ला, पण तोवर माझी बी.कॉम. इतकी जुनी झाली होती की मलाच तिचा भरवसा वाटेना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा त्या कॉलेजच्या ऑफिसात गेले तेव्हा पोटात गोळा आला होता, सोबत मार्कशीटची फाइल, शिवाजी विद्यापीठाचं प्रमाणपत्र, लग्नाचा दाखला, पासपोर्ट, सगळं. काउंटरवरच्या बाईने काहीच मागितलं नाही. ऑनलाइन अर्ज भरलाय का म्हणाली, हो म्हटलं, तर म्हणाली झालं मग. मी म्हटलं, आणि मेरिट लिस्ट? तिला शब्दच कळेना.

(एच-फोरवर असलेल्या मैत्रिणींनो, हे एवढं वाचून ठेवा, एच-फोरवर शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही, आणि कॅलिफोर्नियात एक वर्ष एक दिवस राहिल्याचे आणि इथेच राहायचं आहे याचे कागद दाखवले की रेसिडेंट फी लागते, त्या ४६ डॉलरमध्ये. बाहेरच्यांची फी याच्या कितीतरी पट असते. मला हे कोणी सांगितलं नव्हतं म्हणून मी घरात बसून राहिले. ज्यांची मुलं एच-फोरवर आहेत त्यांनी मात्र एकवीस वर्षांचा हिशोब आधी मांडा, एकवीस पूर्ण झाली की तो व्हिसा संपतो.)

घरात गाडी एकच, ती नवरा न्यायचा. म्हणून एल कमिनो रस्त्यावरून २२ नंबरची बस, मग उतरून दुसरी. गाडीने बारा मिनिटांचा रस्ता बसने पन्नास मिनिटं. पण मला सवय होती हो, विशीत तीन वर्षं तेच केलेलं. बसमध्ये बसल्या बसल्या मी अकाउंटिंगची उदाहरणं सोडवायचे. आणि हळूहळू चेहरे ओळखीचे झाले, ग्रोसरीच्या दुकानातला गणवेश घातलेली एक मुलगी, रात्रपाळी करून आलेला एक सिक्युरिटी गार्ड, तो नेहमी खिडकीला डोकं टेकून झोपायचा आणि कॉलेजचा स्टॉप आला की बरोब्बर उठायचा, अलार्म न लावता.

आमच्या वर्गात तीस-पस्तीस जण. माझ्या एका बाजूला एकोणीस वर्षांचा प्लंबिंगचं काम करणारा मुलगा, दुसऱ्या बाजूला साठीच्या पुढचे एक व्हिएतनामी आजोबा, निवृत्त झाल्यावर आवड म्हणून आलेले, मागे सैन्यातून परत आलेला एक जण. डेबिट-क्रेडिटला त्या प्लंबर पोराची गाडी अडली होती. इथे सगळं समीकरणाने शिकवतात, डावी बाजू उजवी बाजू. मी त्याला आमच्या सांगलीच्या सरांनी शिकवलेलं सांगितलं, वस्तूच्या खात्यात जे येतं ते नावे, जे जातं ते जमा. तो पाइपाचं उदाहरण घेऊन बसला, पाइप आला, नावे, रोकड गेली, जमा, आणि पाच मिनिटांत टेबलावर हात आपटून ओरडला. परीक्षेच्या आधी चार जण माझ्याभोवती, आणि मी इंग्रजीत "गोल्डन रूल्स" समजावतेय. बाईंना मी शेवटपर्यंत नावाने हाक मारू शकले नाही, त्या सांगून थकल्या, मी मॅडमच म्हणत राहिले. मॅडमच्या ऑफिस अवर्सना मी दर आठवड्याला जायचे आणि बहुतेक वेळा तिथे मी एकटीच. तीनशे-चारशेच्या लेक्चर हॉलमध्ये बसणाऱ्या मुलांना विचारा त्यांच्या प्रोफेसरला त्यांचं नाव माहीत आहे का.

आता सगळं गोडगोड लिहिलं तर तुम्ही म्हणाल हिला काय कॉलेजने पैसे दिलेत का. तर दुसरी बाजू पण लिहिते.

स्टेट ऑडिटरचा २०२४ चा रिपोर्ट आहे, ट्रान्सफर करायचं म्हणून आलेल्यांपैकी चार वर्षांत पाचातला साधारण एकच जण ट्रान्सफर होतो. हा आकडा वाईट आहे आणि मी तो नवऱ्यालाही दाखवला. पण तो का तसा आहे ते बघा. जो मुलगा आठवड्याला तीस तास काम करतो, ज्याला एका सेमिस्टरला गाडी बंद पडली म्हणून क्लास सोडावा लागतो, त्याची ती गोष्ट आहे. शिवाय कुठल्या कॉलेजचा कुठला क्लास कुठल्या यूसीत कशाच्या बदल्यात धरतात ते जाळं इतकं किचकट आहे की असिस्ट नावाच्या साइटवर आम्ही दोघं मायलेक एक पूर्ण रविवार बसलो होतो, कागदावर रेघा मारत, दोन यूसींना एकाच विषयासाठी वेगवेगळे क्लास लागतात. कौन्सिलरची अपॉइंटमेंट मिळायला तीन आठवडे लागले. फिजिक्सच्या क्लासला मुलाचा वेटलिस्टवर बारावा नंबर, पहिले दोन आठवडे बिचारा जमिनीवर बसला. आपल्या मुलांच्या मागे निदान रविवारभर बसणारे आईबाप असतात. ज्यांच्या मागे नसतात त्यांच्यासाठी आपल्या मंडळातल्या एवढ्या इंजिनियरांनी शनिवारी दोन तास दिले तर बिघडेल का? हे आपलं जाता जाता सुचलं.

आणि एकटेपणा. याबद्दल कोणी बोलत नाही. कॉलेज संपलं की सगळे आपापल्या बसने, गाडीने घरी, होस्टेलच नाही तर रात्री गप्पा मारायला थांबणार कोण. गेल्या ऑक्टोबरमधला एक शुक्रवार माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. मुलाचे सगळे मित्र गेलेले, कोणी सॅन डिएगोला, कोणी पर्ड्यूला, इन्स्टावर त्यांचे डॉर्मचे, फुटबॉलचे फोटो. हा रात्री नऊला किचनमध्ये उभा राहून सकाळचा उरलेला फोडणीचा भात कढईतूनच खात होता आणि फोन उपडा करून ठेवला होता. मी विचारलं काय झालं, म्हणाला काही नाही. मी पण मग एक चमचा घेतला आणि दोघं उभ्याउभ्याच कढई संपवली. डिसेंबरपर्यंत गाडी रुळावर आली, मॅथ सेंटरला ट्यूटर म्हणून लागला, तिथेच तीन मित्र झाले, एक अफगाण, एक मेक्सिकन आणि एक, हो, नाशिकचा. तिघं आळीपाळीने आमच्याकडे जेवायला असतात आता. पण तो ऑक्टोबर होता, आणि त्या ऑक्टोबरमध्ये मंडळातल्या एकाही माणसाने त्याला विचारलं नाही की कॉलेज कसं चाललंय. विचारायचं नसतं असं तुम्हाला वाटलं असणार. ऑकवर्ड होईल म्हणून.

आपण दर वर्षी कर्मवीर जयंतीला ग्रुपवर भाऊराव पाटलांचा फोटो टाकतो. माझे वडील रयतच्या शाळेत शिकले, म्हणून मला ते नाव नुसतं फोटोपुरतं नाही. १९१९ मध्ये त्या माणसाने संस्था काढली तेव्हा दारात कोणाला जात विचारली नाही, घरची परिस्थिती विचारली नाही, आणि साताऱ्याला १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते "कमवा आणि शिका" या तत्त्वावर, पोरांनी काम करावं आणि शिकावं. माझा मुलगा आठवड्याला पंधरा तास ट्यूटरिंग करतो आणि पंधरा युनिट शिकतो, माझ्या शेजारचा तो प्लंबर दिवसभर लोकांच्या सिंकखाली झोपून संध्याकाळी क्लासला यायचा. मला तर यात आणि त्यात फार फरक दिसत नाही. फोटोला लाइक करणाऱ्या सगळ्यांना माझं एवढंच विचारणं आहे की मग आपल्या डोळ्यासमोर तेच चाललेलं असताना आपण आवाज का खाली घेतो.

तर मुद्द्याचं. यंदाच्या फॉर्ममध्ये तीन गोष्टी करा. ड्रॉपडाऊनमध्ये कम्युनिटी कॉलेजांची नावं घाला, ११६ सगळी नकोत, आपल्या आसपासची आठ-दहा घातली तरी पुरे. जो जे लिहील ते स्लाइडवर छापा, ऑकवर्ड कोणाला होईल ते तुम्ही ठरवू नका. आणि यंदा कम्युनिटी कॉलेजला जाणारी निदान तीन मुलं मला माहीत आहेत ज्यांच्या आयांनी फॉर्मच भरलेला नाही, त्यांना फोन करा. नावं मी इथे लिहिणार नाही, पण कार्यकारिणीला माहीत आहेत, तुम्हीच त्यांच्याबद्दल हळू बोलत होता.

माझ्या मोठ्याचा यंदा प्रश्न नाही, त्याचं पुढचं पुढे. सहा यूसी अशा आहेत की ठरलेले क्लास आणि ठरलेले मार्क असले तर ट्रान्सफरची आधीच हमी देतात, बर्कली, एलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत, आणि कॉम्प्युटर सायन्सला बऱ्याच ठिकाणी ही हमी चालत नाही म्हणून तो आता मॅथ्स घ्यायचं म्हणतोय, त्याला ते जास्त आवडायला पण लागलंय. तो अर्ज १ ते ३० सप्टेंबरमध्ये भरायचा असतो. म्हणजे ऐन गणपतीच्या धामधुमीत, त्यामुळे मोदकाच्या टीममध्ये माझं नाव धरू नका.

हां, आणि एक फॉर्म आलाय तुमच्याकडे काल रात्री, तो चुकून आलेला नाही. तो माझाच आहे. मे महिन्यात माझी अकाउंटिंगची असोसिएट डिग्री (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची) पूर्ण झाली, सहा वर्षं लागली, सेमिस्टरला एक नाहीतर दोन क्लास करत. वय ४५. कॉलेजचं नाव लांब आहे, एका ओळीत बसलं नाही तर दोन ओळी करा पण शॉर्ट फॉर्म करू नका. फोटो टोपी घातलेला पाठवलाय. "पालकाचे नाव" हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढेच जाईना म्हणून तिथे आईचं नाव टाकलंय. तिला सांगितलंय मी, ती यूट्यूबवर लाइव्ह बघणार आहे. इकडे संध्याकाळचे पाच म्हणजे तासगावात पहाटेचे साडेपाच, ती आंघोळ करून आधीच बसेल मोबाइल घेऊन, तेव्हा लिंक तेवढी आदल्या दिवशी पाठवा, गेल्या वेळसारखी कार्यक्रम सुरू झाल्यावर नको.

आपली,
मंडळाची सभासद आणि (मे महिन्यापर्यंत) २२ नंबरच्या बसची रोजची प्रवासी